जर्मन गाडीवरची पितळी चांदणी

सकाळी अंगण झाडून झालं की मी आमच्या गाडीचं मागचं दार उघडते आणि क्षणभर तशीच उभी राहते. बंद गाडीत साचून राहिलेला गंध हलकेच अंगावर येतो. त्यात जुन्या डिझेलचा उग्रपणा असतो, तापून गार झालेल्या चामड्याचा कोमटपणा असतो, सावरीच्या कापसाचा कोरडा, धुळकट आणि किंचित गोड वास असतो. आणि या सगळ्यांच्या तळाशी लोखंड चाटल्यासारखी एक चव असते. ती चिखल्याच्या खाणीतल्या मँगनीजची. कितीही धुवा, कितीही पुसा, दर उन्हाळ्यात ती काळी भुकटी दारांच्या सांध्यांतून पुन्हा निघतेच. डोळे बांधून मला कुठेही नेलं आणि हा गंध समोर आणला, तर मी म्हणेन, मी घरी आहे.

या गंधाची किंमत नागपूरच्या साहेबांनी वजा धरली. शून्य धरली असती तर मी गप्प राहिले असते. ज्याला नाक नाही त्याच्याशी फुलाबद्दल कोण वाद घालतो? पण वजा! म्हणजे हा गंध आहे म्हणून गाडी कमी मोलाची. तो नसता तर चार पैसे जास्त आले असते! त्या दिवसापासून माझ्या मनातला संताप काही केल्या शांत होत नाही, म्हणून आज लिहायला बसले आहे. हे मी कोणाला वाचून दाखवणार नाही. चार माणसांत माझा आवाज फुटत नाही, आणि शिक्षण म्हणशील तर चौथीपर्यंतचं. पाचवीची शाळा दुसऱ्या गावी होती, आणि मुलीने तिथवर चालत जाणं घरी पटलं नाही. पण लिहिताना समोर कोणीतरी असावं लागतं. म्हणून तुला तू म्हणते. तू फक्त ऐक.

भंडारा जिल्ह्याचे दोन तुकडे झाले, गोंदिया वेगळं झालं, त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात ही गाडी आमच्या दारी आली. माझा नवरा मोटारमिस्त्री. सगळा मोहल्ला त्यांना मिस्त्री म्हणतो आणि मीही मनातल्या मनात तेच म्हणते. चिखल्याच्या खाणीतला माल वाहणाऱ्या खाजगी ट्रकांच्या कामासाठी ते तिकडे जात असत. तिथल्या एका ठेकेदाराने भरभराटीच्या दिवसांत मोठ्या हौसेने ही जर्मन गाडी आणली होती. पुढे त्याचा धंदा बसला, तो गाव सोडून गेला आणि गाडी कामगारांच्या वसाहतीमागे टिनाच्या शेडखाली राहिली. चारही चाकं जमिनीला टेकलेली, काचांवर काळ्या धुळीचा थर, मागच्या सीटवर कोंबड्यांचा संसार! मिस्त्रींनी ती भंगाराच्या भावाने घेतली आणि एका ट्रकच्या मागे दोर बांधून तुमसरच्या रस्त्याने भंडाऱ्याला आणली.

आमच्याकडे ॲल्युमिनियमच्या भांड्याला जर्मनचं भांडं म्हणतात. त्यामुळे जर्मन गाडी आली असं कानावर पडताच शेजारची वत्सलाबाई पदराला हात पुसत बाहेर आली. तिचा नवरा पितळेचा कारागीर. पितळ सोडून बाकी सगळ्या धातूंकडे त्या घरात जरा खालच्या नजरेनेच पाहतात. गाडीला एक फेरी घालून ती म्हणाली, "मंग त मिस्त्रीनं वजनानंच आणली असन." सगळे हसले, मिस्त्रीही हसले. कोणी म्हणालं नारळ फोडा, कोणी म्हणालं लिंबू-मिरच्या बांधा. आमच्या घरी ती रीत नाही. मिस्त्रींनी बादलीभर पाणी ओतून गाडीचं तोंड धुतलं, मी घरातल्या बुद्धमूर्तीसमोर मेणबत्ती लावून वंदना घेतली, आणि गाडी आमची झाली.

पण वस्तू अशी एका दिवसात आपली होते का? पैसे मोजले की मालकी मिळते. आपलेपणा मात्र हप्त्याहप्त्याने फेडावा लागतो. मिस्त्रींनी तो कित्येक वर्षं फेडला. दिवसभर लोकांच्या गाड्यांखाली झोपायचं आणि संध्याकाळी चहा झाला की आपल्या गाडीखाली झोपायचं. जर्मनीहून येणारा एखादा रबरी वायसरसुद्धा असा महाग की तेवढ्यात आमचा किराणा भरला असता. मग जे मिळत नव्हतं ते बनवलं गेलं. दाराचा गंजलेला खालचा भाग कापून तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकून बसवला. आतली लाकडी पट्टी फुटली होती, तिथे सागाची फळी घासून घासून इतकी पातळ केली की मोहल्ल्यातल्या सुताराने हात जोडले. गाडीला एक विलक्षण खोड होती: किल्ली काढून घेतली तरी इंजिन बंद होत नसे, आपलं आपण गुरगुरत राही. हवा ओढणारी एक बारीक नळी कुठेतरी चिरली होती. मिस्त्रींनी सायकलच्या व्हॉल्वट्यूबचा तुकडा चढवला आणि ते जर्मन इंजिन त्या दिवसापासून आमचं ऐकू लागलं.

बोनेटवरची तीन टोकांची चांदणी चिखल्यालाच कोणीतरी उपटून नेली होती. तिच्या जागी नुसतं भोक होतं. कपाळावर पुसलेलं कुंकू दिसावं तसं. ते वत्सलाबाईच्या नवऱ्याला पाहवलं नाही. एके दिवशी त्यांनी पितळेची चांदणी ओतून, कानशीने घासून आणून दिली. ती चांदीसारखी पांढरी नव्हती, हळदीसारखी पिवळी होती. मी दर आठवड्याला घरच्या पितळी गडव्याबरोबर तिलाही चिंच लावून घासत असे. उन्हात गाडी वळणावरून यायची तेव्हा आधी ती चांदणी दिसायची, मागून गाडी.

आणि सीट. सीट माझी. पुढच्या सीटचं चामडं फाटून आतला भरणा उंदरांनी केव्हाच नेला होता. गादीवाला महाग सांगत होता. मी म्हटलं, मी करते. माझं माहेर पवनी तालुक्यातलं आसगाव. तिथे आमच्या धानाच्या बांधीला लागून बोडी होती, बोडी म्हणजे पावसाचं पाणी साठवणारं लहानसं तळं, आणि तिच्या पाळीवर एक प्रचंड सावर उभी होती. फाल्गुनात तिची लाल फुलं पडत आणि त्यानंतर बोंडं फुटून पांढरा कापूस पाण्यावर तरंगत जाई. आम्हा झाडीपट्टीतल्या बायकांना मऊ म्हटलं की सावरच आठवते. मी माहेरून तो कापूस पोत्यांत भरून आणला, चांभाराकडून आरी मागून घेतली आणि चामड्याला चामडं जोडत सीट शिवली.

कोणत्याही शहाण्या कारागिराने ही चूक केली नसती. सावरीचा कापूस म्हणजे निव्वळ वारा. माणूस बसला की तो दबून कोपऱ्यात जातो आणि पावसाळ्यात ओल धरतो. पहिल्याच वर्षी सीटच्या एका अंगाला टेंगूळ आलं आणि दुसऱ्या अंगाला खड्डा पडला. मिस्त्री एका कुल्ल्यावर बसून गाडी चालवत आणि तक्रार मात्र करत नसत. मग दर चैत्रात मी एका बाजूची शिवण उसवायची, कापूस उन्हात पसरायचा, काठीने झोडायचा आणि पुन्हा भरायचा. घरच्या गाद्या-उशांबरोबर आमची जर्मन गाडीसुद्धा वर्षातून एकदा ऊन खाई. दुसरा भरणा घालता आला नसता का? आला असता. पण तोवर त्या वासाची सवय झाली होती.

या गाडीने काय केलं म्हणून विचारशील, तर हिने लेकी पोचवल्या. मोहल्ल्यातली, जवाहरनगरच्या क्वार्टरमधली, पलीकडच्या खेड्यांतली लग्नं. नवरी बौद्धाची असो की कुणब्याची, की वत्सलाबाईच्या नात्यातली, मिस्त्री गाडी धुऊन दारात उभी करत आणि भाडं घेत नसत. कोणी फारच आग्रह केला तर नव्या धानाचे तांदूळ घेत. जयंतीच्या मिरवणुकीत ती निळ्या पताका लावून सगळ्यांत पुढे, माणसाच्या पावलाने चाले. आमची सुषमा हिच्यातूनच सासरी गेली. रडताना तिने सीटच्या शिवणीतून कापसाचा एक पुंजका ओढून मुठीत धरला होता. सासरी पोचल्यावर मूठ उघडली तेव्हा तिला स्वतःलाच हसू आलं, असं तिने मला नंतर सांगितलं. ज्या गाडीत इतक्या मुली रडल्या, ती गाडी नवी कशी राहील? आणि नवी राहिली नाही, यात तिचा दोष कोणता?

मिस्त्रींची नजर मंदावली तेव्हापासून गाडी अंगणात उभी आहे. डॉक्टरांनी त्यांना स्टिअरिंगला हात लावायचा नाही असं बजावलं. जिभेवर कधी न आलेलं दुःख त्यांच्या हातांत आलं. संध्याकाळचा चहा झाला की हात रिकामे राहत आणि ते एका हाताने दुसरा चोळत बसत. उभी गाडी सडते, ते म्हणत. जाणकाराच्या घरी गेली तर जगेल. त्यांनी कोणाकडे तरी शब्द टाकला, आणि नागपूरचे ते साहेब आले.

साहेब वाईट माणूस नव्हते. हे मला रागातही मान्य करावं लागतं. जोडे काढून आत आले, माझ्या हातचा चहा गोड मानून प्याले. जुन्या जर्मन गाड्यांचं त्यांना वेडच होतं. गाडीभोवती फिरताना त्यांचे डोळे असे लकाकत होते की मिस्त्रींना माणूस सापडल्यासारखं वाटलं. मग साहेबांनी खिशातून एक लोहचुंबक काढलं आणि पत्र्यावर फिरवायला लागले. जिथे ते चिकटत होतं तिथे मान हलवत. जिथे लांबी, म्हणजे पत्र्याचे खड्डे बुजवायचं लुकण, भरलेली होती तिथून ते घसरून पडे आणि साहेब 'च्च' करत. तो 'च्च' माझ्या कानात अजून आहे. दाराचा पत्रा, च्च. सागाची पट्टी, च्च. व्हॉल्वट्यूब पाहून तर ते मोठ्याने हसले. चांदणीवर नखाने टिचकी मारून म्हणाले, पितळ? आणि फोटो काढला, मित्रांना गंमत म्हणून दाखवायला. शेवटी पुढचं दार उघडून त्यांनी माझ्या शिवणीत बोट घातलं. सीट कोणत्या गादीवाल्याने बिघडवली, असं त्यांनी विचारलं. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मी दाराआड होते. मी मान हलवली, सांगू नका. मिस्त्री म्हणाले, होता एक गादीवाला.

भाव सांगताना साहेबांनी समजावलं ते असं: या गाड्यांत किंमत असते ती ओरिजनलची. कारखान्यातून निघताना जे होतं ते जितकं उरलं असेल तितका भाव. नंतर जे जे लागलं, अगदी आत बसलेला वाससुद्धा, ते ते कापायचं. बाजार असाच चालतो, मिस्त्री, भावना बाजूला ठेवा.

बाजार! आम्ही भंडाऱ्याची माणसं; बाजार आम्हाला कोणी शिकवावा? पितळेचं भांडं दुकानात कसं विकतात हे इथल्या पोरासोरांना ठाऊक आहे. नवा गुंड, म्हणजे पाण्याची पितळी घागर, घ्यायला गेलं की आधी वजन होतं आणि वर घडणावळ लागते, म्हणजे घडवणाऱ्या हातांची मजुरी. तोच गुंड पुढे मोडीत द्यायला नेला की नुसतं वजन होतं, त्यातूनही घट कापतात, आणि घडणावळीचं नाव कोणी काढत नाही. ठोके तेच, हात तोच, पण घेताना त्याचे पैसे आणि देताना माती. लहानपणापासून मला हा व्यवहार कडू वाटत आला आहे, तरी निदान तो सगळ्यांना सारखा आहे. तिथे सर्वांचीच घडणावळ बुडते. या साहेबांच्या बाजारात मात्र मोठीच गंमत! समुद्रापलीकडच्या कोणा अनोळखी माणसाने कारखान्यात जे केलं त्याची घडणावळ वर्षागणिक वाढत जाते, आणि ज्यांनी ती गाडी मरणातून उठवली, त्यांच्या हातांची घट धरली जाते. एकाच गाडीवर दोन हात फिरले. एक हात मोलाचा, दुसरा डाग! कारखान्यात ज्या जर्मन बाईने ती सीट शिवली असेल, तीही माझ्यासारखीच कोणीतरी असेल, कदाचित लाजरी असेल, तिच्याविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. पण तिचा टाका टिकला नाही म्हणून तर माझा टाका पडला ना? मग तिचा दागिना आणि माझा दोष, हा न्याय कोणी ठरवला?

हे सगळं मी त्या दिवशी बोलले का? कुठली! मी कपबशा उचलल्या. साहेबांनी सांगितलेल्या भावाला मिस्त्रींनी हो म्हटलं आणि साहेबांनी दिलेला इसार दोन्ही हातांनी घेतला. इसार म्हणजे आमच्याकडे नुसते आगाऊ पैसे नव्हेत, तो शब्द असतो. त्यानंतर मागे फिरणाऱ्याला चारचौघांत उभं राहता येत नाही. मिस्त्रींनी ते पैसे तसेच घडी करून ठेवून दिले.

तो आठवडाभर मला माझे बाबा आठवत राहिले. आसगावला बैल विकायची वेळ आली की बाबा बाजारात गप्प गप्प असत. दलाल रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवी, पण इसार हातात घेण्याआधी बाबा घेणाऱ्याला एकच गोष्ट विचारत: जोताला नेतोस का? म्हणजे नांगराला जुंपणार आहेस ना, की कापायला नेतो आहेस? घेणारा बैलाच्या कपाळाला हात लावून 'जोताला' म्हणाला, तरच व्यवहार पुढे जाई. आणि बैल दिला तरी दावं देत नसत. घेणाऱ्याने आपलं दावं आणायचं. आपलं सोडून घरी न्यायचं आणि रिकाम्या खुंटीला टांगायचं. ज्या दिवशी बाबा नुसतं दावं घेऊन परत येत, त्या दिवशी आमच्या घरी कोणी मोठ्याने बोलत नसे. मला वाटत राही, मिस्त्रींनी भाव विचारला, पण ते एक विचारायचं राहून गेलं. पण गाडीच्या व्यवहारात असं कोणी विचारतं का? आपलं अडाणीपण दिसेल म्हणून मी तो विचार गिळून टाकला.

ठरल्या दिवशी साहेब एक टेम्पो आणि दोन मेकॅनिक घेऊन आले. मला वाटलं गाडी ओढून नेतील. पण त्या दोघांनी पाने, पेचकस, खोकी, जुन्या चादरी अंगणात मांडल्या आणि गाडी खोलायलाच सुरुवात केली. आधी चांदणी निघाली. साहेबांनी ती मिस्त्रींच्या तळहातावर ठेवली, ही तुमच्याकडेच ठेवा म्हणाले. मग पुढची सीट सुटली. तिला खोकं नव्हतं. एकाने ती उचलली आणि कुंपणाकडे फेकली. पडताना माझी शिवण उसवली, आणि वाऱ्याची एक झुळूक आली त्यासरशी सावरीचा कापूस अंगणभर उडाला. मिस्त्रींच्या केसांवर, साहेबांच्या शर्टावर, वत्सलाबाईच्या वाळत घातलेल्या लुगड्यावर, सगळीकडे पांढरं पांढरं. मिस्त्रींना नीट दिसत नव्हतं. ते हवेत हात फिरवून विचारत होते, हे काय आहे, काय उडून राहिलं?

मी पायरी उतरून अंगणात आले. परक्या पुरुषांसमोर अशी भर अंगणात मी कधी उभी राहिले नव्हते. डोक्यावरचा पदर सावरला, आणि आवाज कुठून आला मला ठाऊक नाही.

"साहेब, तुम्ही हिले चालवाले नेऊन राहिले का कापाले?"

साहेब थबकले. खोटं त्यांना सहज बोलता आलं असतं, पण ते बोलले नाहीत. त्यांनी सरळ सांगितलं. नागपूरला त्यांच्याकडे अशीच दुसरी गाडी आहे, पत्र्याने अस्सल, चुंबक कुठेच न घसरणारी. फक्त तिला आतलं सामान हवं आहे. इंजिन, मीटरचे काटे, काचा, मागची सीट या गाडीतून काढायची, त्या गाडीत घालायची. एक जाईल तेव्हा दुसरी पूर्ण होईल. सांगाडा इथेच राहू द्या, भंगारवाला उचलेल. म्हणूनच तर भाव चांगला दिला. उभ्या गाडीला कोणी इतका दिला नसता. मग हसून, जरा दमलेल्या आवाजात म्हणाले, "बाई, गाडी आहे ती. बैल नाही."

ऐकलंस? चालत्या जिवापेक्षा त्याच्या तुकड्यांना भाव जास्त! जिल्ह्याची वाटणी झाली तेव्हा भावाभावांची वाटणी म्हणून माणसं हळहळली, पण निदान एकाचं काळीज काढून दुसऱ्याच्या छातीत बसवू असं कोणी म्हणालं नाही. आणि ज्याला ही माणसं प्रेम म्हणतात ते हेच का? एक गाडी जपण्यासाठी दुसरी सोलायची? मला त्या क्षणी कळलं की साहेबांच्या डोळ्यांतली लकाकी खरी होती, पण ती आमच्या गाडीसाठी नव्हतीच. पाहुणा आमच्या मुलीला पाहायला आला आणि मनात तिच्या अंगावरच्या दागिन्यांचं वजन करून गेला!

मिस्त्री चांदणीची टोकं बोटांनी चाचपत उभे होते. मग घरात गेले, भिंत धरून बाहेर आले, आणि घडी न मोडलेला इसार त्यांनी पुढे केला.

"खोटं तुम्ही बोलले नाही, साहेब. मीच इचारलं नाही. आता सुषमाच्या मायनं इचारलं."

साहेबांनी खूप समजावलं. शब्द मोडता का, म्हणाले. मिस्त्रींच्या चेहऱ्यावर तो शब्द चाबकासारखा बसलेला मी पाहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी इसार परत केला, आणि तोही आपलं चुकलं असं म्हणून. मग साहेब म्हणाले, इथे उभी राहून सडेल ती, मग ना तुमची ना माझी. हे खरं होतं. पण सडणं आणि सोललं जाणं यांत काहीच अंतर नाही का? म्हातारा बैल गोठ्यात बसून मेला म्हणून बाबांना कोणी मूर्ख म्हटलं नव्हतं.

टेम्पो रिकामा गेला. सुटलेले भाग चादरींवर पडले होते. पुढचे कित्येक दिवस आम्ही दोघांनी ते जागच्या जागी बसवले. डोळे माझे, हात त्यांचे. मी सांगायची, हा लांब बोल्ट, हा आखूड, आणि ते बोटांनी ओळखून म्हणत, लांब तो डाव्या अंगाचा. कापूस मात्र निम्मा उडून गेला होता. उरलेला मी झोडून भरला. सीट आता आणखी पातळ झाली आहे. वत्सलाबाई म्हणते, तिच्या लुगड्याच्या निऱ्यांतून अजून सावर निघते, आणि तिची भरपाई मागते.

माझा राग? गाडीची ती जुनी खोड मला लागली आहे. किल्ली केव्हाच काढली, तरी आत गुरगुर चालूच आहे. त्याला व्हॉल्वट्यूब लावणारा मिस्त्री अजून भेटलेला नाही, आणि खरं सांगू? भेटू नये असंच वाटतं.

काल सकाळी नेहमीसारखं मी मागचं दार उघडून उभी होते. मागून मिस्त्री आले आणि त्यांनी पुढचं दार उघडलं, स्टिअरिंगच्या बाजूचं. इतक्या वर्षांत मी त्या बाजूला फक्त शिवायला बसले होते. बस म्हणाले. मी नाही नाही म्हणत बसले. ते चाचपत फिरून शेजारी बसले. किल्ली अर्धी फिरव. पिवळा दिवा लागला का? लागला. तो विझेपर्यंत थांब. डिझेल आहे, आधी आतून तापावं लागतं. घाई केली तर नुसती धापा टाकते. आम्ही दोघं थांबलो. काचेपलीकडे बोनेटच्या टोकाला चांदणी होती, आदल्या दिवशीच चिंचेने घासलेली. दिवा विझला. मी किल्ली फिरवली, गाडी थरथरली, त्यांनी सांगितलं तसा क्लचवरचा पाय उचलला, आणि ती एक उडी घेऊन हातभर पुढे गेली नि मेंदीच्या कुंपणाला नाक टेकवून बंद पडली.

कुंपणापलीकडे वत्सलाबाई गुंड घासत होती. तिने मान वर केली, आधी चांदणीकडे पाहिलं, मग काचेतून माझ्याकडे.

"मिस्त्रीणबाई," ती म्हणाली, "जोताले लागली वो गाडी."

मिस्त्री हसले. मला उतरावंसं वाटलं नाही. मी तशीच बसून राहिले, माझ्याच हाताच्या खडबडीत शिवणीवर. बंद काचांच्या आत डिझेल होतं, कोमट चामडं होतं, माहेरच्या बोडीवरची सावर होती आणि जिभेच्या टोकाला चिखल्याची ती काळी चव होती. मिस्त्रींनी खोल श्वास घेतला. त्यांना आता रस्ता दिसत नाही. पण आपण कुठे आहोत, हे त्यांना विचारावं लागलं नाही.